गंजातली अक्षरं: चरईतल्या एका डब्याच्या कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५

आज काकूंनी डबा माझ्या हवाली केला. ठाण्यात चरईतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, मेअखेर घर रिकामं करायचं आहे. काकांच्या कपाटातला हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा इतकी वर्षं कुणी उघडलाच नव्हता. काका जाऊन सहा वर्षं झाली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी आयुष्यभर डाय, म्हणजे धातूला आकार देणारे पोलादी साचे, बनवल्या, आणि रविवार नाण्यांना दिला. पहिली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मी त्यांच्याच भिंगातून पाहिली, सहावीत असताना.

डब्यात चार कापडी पिशव्या, प्लॅस्टिकच्या पानांचा एक अल्बम, काही सुटी नाणी आणि तळाशी घडी घातलेली शंभरपानी वही. वहीची पानं एकमेकांना चिकटली आहेत, ती आधी सावलीत सुकवायची.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. "तुला त्यातलं कळतं. सगळी छान घासूनपुसून दे. ताईच्या नव्या घरात काचेच्या कपाटात ठेवायचीत." ताई म्हणजे त्यांची मुलगी. मी "बघतो" म्हणालो. घासणार नाही, हे तिथेच सांगायला हवं होतं. पण सामानाच्या ढिगाऱ्यात उभ्या असलेल्या बाईला ते कसं सांगावं हे सुचलं नाही.

एवढं मात्र ठरवलं: वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो झाल्याशिवाय एकाही नाण्याला साधं पाणीसुद्धा लावायचं नाही.

२० एप्रिल

मोजणी झाली. एकूण १८७ नाणी. शिवराया ४३, त्यात निम्म्याहून जास्त दुदांडी, म्हणजे दोन आडव्या दांड्यांच्या. ईस्ट इंडिया कंपनीची ३८. राणीछाप आणि राजाछाप ८१. भोकाचे पैसे १६. संस्थानी आणि अजून ओळख न पटलेली ९.

शिवराया ८.९ ते १२.१ ग्रॅमपर्यंत. १८३५ चा पाव आणा नवा असताना साधारण ६.४७ ग्रॅमचा, काकांकडचे ६.०५ ते ६.३८ भरले, म्हणजे चांगलेच हिंडून आलेले. १९०६ पासून पाव आणा तांब्याऐवजी कांशाचा झाला आणि हलकाही, ते ४.८ च्या आसपास आहेत.

रंगांची नोंद वेगळी ठेवतोय, कारण पुढे सगळा वाद रंगावरूनच होणार. बहुतेक नाणी चॉकलेटी तपकिरी. काही काळी. सातआठ नाण्यांच्या कडांशी अजून लालसर तांबं टिकून आहे. एक १७९१ चं मुंबई इलाख्याचं कंपनी नाणं फार देखणं आहे: एका बाजूला कंपनी मालाच्या गठ्ठ्यांवर मारायची ते चिन्ह, दुसऱ्या बाजूला तराजू आणि पारड्यांच्या मधे फारसी अक्षरांत 'अदल', म्हणजे न्याय. ही नाणी बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रांवर पाडली गेली. त्याच टांकसाळीत खास नमुन्याच्या नाण्यांना मुद्दाम तपकिरी रंग चढवत असत. म्हणजे काही नाण्यांच्या बाबतीत तो 'मळ' हीच कारागिरी आहे. चिंच लावून बसणाऱ्याला हे कळणार कसं?

अल्बममधल्या २४ नाण्यांवर हिरवट चिकटा आला आहे. मऊ प्लॅस्टिकच्या पानांचा हा नेहमीचा प्रताप. नाणं सांभाळायला ठेवलं आणि पानानेच त्याला खाल्लं.

२७ एप्रिल

ही नोंद कामाची नाही, पण त्याआधी लिहून ठेवायला हवी.

मी सतरा वर्षांचा असताना आजोळहून एक शिवराई मिळाली होती. काळीहिरवी, खरबरीत, पण 'छत्र पति' बोटाने वाचता येत होतं. ती मी लिंबू आणि मिठात रात्रभर ठेवली. सकाळी वाटीतलं पाणी निळसर हिरवं झालेलं आणि नाणं गुलाबी. खड्डे खड्डे पडलेलं गुलाबी तांबं. 'छत्र' गेलं होतं. 'पति'मधला 'प' तेवढा अर्धा उरला होता. मी घाबरून ती काकांकडे नेली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अक्षरं तांब्यात नव्हती रे, गंजात होती."

तेव्हा अर्थ कळला नाही. पुढे रसायनशास्त्र शिकलो, महापेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा उमजलं. जमिनीत किंवा ओलीत राहिलेल्या तांब्यावर आधी क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा, लालसर थर बसतो, त्यावर हिरवं जंगाल, म्हणजे मॅलाकाइट वगैरे. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, ज्यावर ठसा उमटला होता, तो पुष्कळदा त्या गंजाच्या थरातच शाबूत राहतो. खालचं धातू झिजून खडबडीत झालेलं असतं. आम्लाने गंज उतरवला की पृष्ठभागही उतरतो. वर मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरतं आणि वर्षांनी दुखणं होऊन बाहेर येतं.

ती गुलाबी शिवराई अजून माझ्याकडे आहे. १८८ वी म्हणून तिचाही फोटो या कामात घेतला.

४ मे

अल्बममधली २४ नाणी अॅसिटोनमध्ये. प्रयोगशाळेच्या दर्जाचं शुद्ध अॅसिटोन, नखांचा रंग पुसायचं नव्हे. त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेची वाटी, खिडक्या उघड्या, गॅस बंद. दहा मिनिटं, मग दुसऱ्या स्वच्छ वाटीत, मग कापडाच्या घडीवर. घासायचं नाही.

हिरवा चिकटा पूर्ण गेला, तपकिरी रंग जसाच्या तसा. हे काम बिनघोर आहे. अॅसिटोन धातूला शिवत नाही, गंजाला शिवत नाही. अल्बमने जे चढवलं तेवढंच काढतं. एका राणीछाप पाव आण्यावरून पिवळी पडलेली झिलई निघाली. ती बहुधा काकांनीच सांभाळण्यासाठी लावलेली. काढली, आणि काढल्याचं लिहून ठेवलं.

सगळी नाणी आता पॉलिस्टरच्या पाकिटांत.

११ मे

काकूंना काल सगळं नीट सांगितलं. घासणार नाही, आणि का नाही. त्या ऐकत होत्या. मग मला देवघराकडे घेऊन गेल्या. बाळकृष्णाशेजारी ताम्हनात एक शिवराई. सोन्यासारखी चकचकीत, कडा गोल झालेल्या, अक्षरांचा मागमूस नाही. त्यांच्या सासूबाईंपासून पूजेत आहे. दर पौर्णिमेला चिंचेने धुतात.

"आणि हिचं काय?" त्या म्हणाल्या. "अरे, देवापुढे काळं तांबं ठेवतात का कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. अर्ध्या रात्रीपर्यंत हेच डोक्यात होतं. माझा नियम लावला तर त्या नाण्याची पन्नास-साठ वर्षं नासाडी चालली आहे. पण ते नाणं संग्रहातलं नाहीच, ते वापरात आहे. त्याच्यावर जे घडलं ते भक्तीने घडलं, आणि तोही त्याचा इतिहास आहे. हातांनी झिजलेली पायरी आपण घडवून पूर्ववत करत नाही, तसंच हे. त्यावर 'छत्र पति' होतं हे तीन पिढ्यांना ठाऊक आहे, दिसत नसलं तरी.

आज सकाळी फोन केला. एवढंच सांगितलं, चिंच चालेल, पण मीठ-लिंबू कधीच नको, आणि धुतल्यावर ओलं ठेवू नका, कोरडं पुसा. "एवढंच ना?" म्हणाल्या. एवढंच. देवघरातली शिवराई यादीत घेतली नाही.

२७ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. काल मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याची बातमी, आणि आज डबा उघडला तर नऊ नाण्यांवर फिकट हिरवे ठिपके. पुदिन्याच्या चटणीसारखा नव्हे, त्याहून फिका, खडूच्या भुकटीसारखा रंग. काट्याच्या टोकाने स्पर्श केला की सुटून येतो आणि खाली छोटा खड्डा दिसतो.

हे जंगाल नव्हे. जंगाल घट्ट असतं, गुळगुळीत, नाण्याला धरून बसलेलं. त्याला हात लावायचं कारण नाही. हा तांब्याचा आजार. आत, धातूला लागून क्युप्रस क्लोराइड दडून बसलेलं असतं. दमट हवा मिळाली की ते प्राणवायू आणि पाण्याशी मिळून ही भुकटी बनवतं, त्यात आम्ल सुटतं, आम्ल आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार. चक्र थांबत नाही. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली नेली तरच ते झोपतं. माझ्या खोलीतला आर्द्रतामापक ८४ दाखवत होता. खाडी जवळ, भिंती ओल्या, ठाण्यातला पावसाळा.

नऊही नाणी वेगळी काढली. तोवर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

मी इथपर्यंत "हात लावू नका" म्हणणाऱ्यांत होतो. पण आता हात न लावणं म्हणजे नाणं मरू देणं.

१ जून

नऊपैकी एक मद्रास इलाख्याचं १८०८ चं २० कॅशचं (कॅश म्हणजे मद्रासकडचं छोटं चलन) नाणं आहे. सुकवलेल्या वहीत त्याच्यापुढे काकांनी लिहिलंय, "समुद्रातलं". अॅडमिरल गार्डनर हे जहाज १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर बुडालं. त्यात सोहोची पाडलेली, मद्रासला निघालेली तांब्याची नाणी होती. १९८० च्या दशकात ती वर काढली आणि बाजारात आली. पावणेदोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं तांबं. त्याला क्लोराइडचं दुखणं नसतं तरच नवल.

उपाय मांडून पाहिले.

ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. महिने लागतात, पण रंगाला सर्वांत कमी धक्का. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्के द्रावण जलद काम करतं, पण मूळ रंग बदलू शकतं, पृष्ठभागावर नवे निळसर क्षार बसू शकतात. बेन्झोट्रायाझोल, अल्कोहोलमध्ये तीन टक्के: क्लोराइड काढत नाही, पण तांब्यावर असा पडदा चढवतं की पाणी-प्राणवायू पोचत नाही. विषारी; हातमोजे, मास्क, गच्चीवर.

सहा नाणी फक्त पाण्यात. तीन जास्त खाल्लेली आहेत, मद्रासचं धरून. त्यांना पाण्यानंतर बेन्झोट्रायाझोल. सेस्क्विकार्बोनेट नको. त्याने रंग गेला तर मी सतराव्या वर्षीच्याच जागी परत येईन, फक्त मीठ-लिंबाऐवजी प्रयोगशाळेची बाटली हातात.

सैल भुकटी बाभळीच्या काट्याने काढली, भिंगाखाली. सुई वापरायची नाही. स्टीलपुढे तांबं लोणी आहे. काटा बोथट झाला की नवा.

८ जून

पहिलं पाणी बदललं. जुन्या पाण्याचे काही थेंब परीक्षानळीत, त्यात विरल नायट्रिक आम्लाचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. दुधासारखं पांढरं. क्लोराइड निघतंय. मद्रासच्या नाण्याच्या पाण्यात तर साका बसला. तर्जनी काळी झाली सिल्व्हर नायट्रेटने, आठवडाभर जाणार नाही.

१५ जून

आजचा दिवस शिवराईचा.

वहीतली क्रमांक ११, काकांची सर्वांत लाडकी. लहानपणी हीच ते दाखवायचे. दर्शनी बाजूला तीन ओळी पूर्ण: श्री, राजा, शिव. भोवती बिंदूंचं कडं. इतकी पूर्ण शिवराई सहसा मिळत नाही, कारण ठसा मोठा आणि चकती लहान असायची. कुठलं ना कुठलं अक्षर कडेबाहेर जातंच. वजन ९.६२ ग्रॅम. इतक्या झिजलेल्या वजनाला तिसरी ओळ इतकी ठसठशीत कशी, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता.

दहापट भिंग, आणि उजेड तिरका, टेबलाला जवळजवळ समांतर. 'श्री' आणि 'राजा' यांचे खांदे गोल, माथे सपाट, नाण्याच्या बाकीच्या झिजेशी मेळ खाणारे. 'शिव' मात्र कडक. कोपरे काटकोनी. आणि अक्षराच्या पायाशी दोन्ही बाजूंनी एक उथळ चर, जणू घराभोवती पावळीच्या पाण्याने पाडलेला. अक्षराभोवतालची जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा खाली. चराच्या तळाशी एकमेकांना समांतर बारीक रेघा.

उठाव देऊन कोरता येत नाही. तांब्यावर अक्षर वर आणायचं तर भोवतालचं तांबं खाली न्यावं लागतं. ठोकलेल्या नाण्यात धातू दाबाने वाहत जाऊन ठशाच्या खोलीत चढतो, त्याच्या भोवती चर राहत नाही. हे कोरणीचं काम आहे.

अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस चरातून फिरवला. काळा निघाला. बोळ्याला मेणाचा वास. खाली उघडं, पिवळट तांबं.

मी नाणं तसंच ठेवलं आणि बाहेर गेलो. तलावपाळीला दोन फेऱ्या मारल्या. काकांना कुणीतरी फसवलं असणार, एवढंच मनात येत होतं.

१६ जून

वहीचं अकरावं पान आज सुटं झालं.

काकांचं अक्षर, टूलरूमच्या माणसाचं, चौकोनी आणि सारखं: "'शिव' नीट दिसेना. उजेडात धरून अंदाज घेतला. दोन रविवार बसून उघडं केलं. बाकी अक्षरांना हात नाही. बुटाच्या पॉलिशने एकसारखं केलं." खाली तारीख, ८ मार्च १९८७.

फसवलं कुणीच नाही. कोरणी त्यांच्याच हातातली. दिवसभर पोलादात अक्षरं कोरणारा माणूस. नाण्यावरचं महाराजांचं नाव पुसट झालेलं त्याला पाहवलं नसेल. मला ते समजतं. त्यांच्यासाठी ते दुरुस्त करणं होतं, खोटं करणं नव्हतं. आणि ते लिहून ठेवलंय, स्वतःच्या हाताने, तारखेसकट.

तरी जे गेलं ते गेलंच. शिवराई नाण्यांच्या ठशांमध्ये लिहिण्याचे फरक आहेत: कुठे 'शिव', कुठे 'सिव', वेलांटीही कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. अभ्यासक त्यावरूनच ठसे वेगळे करतात. काकांनी अंदाज घेऊन 'शिव' उघडं केलं. त्या तांब्यात कदाचित 'सिव' असेल. आता ते कुणालाच कळणार नाही. काकांनाही कळलं नसतं. नाव स्पष्ट झालं आणि नाणं मुकं झालं.

२९ जून

वाशीचा मित्र आला होता. तीस वर्षांचा अनुभव, मोठा संग्रह, आणि मी ज्याच्याकडून बरंच शिकलो असा माणूस. क्रमांक ११ त्याने दोन मिनिटांत ओळखली. म्हणाला, उघड्या पडलेल्या तांब्याला गंधकाचं पाणी देऊ, पुन्हा सारखा रंग येईल. मी नको म्हणालो.

मग १८३५ च्या पाव आण्यावर बोलणं आलं. त्याच्या कडेला भोक आहे, कुण्या पोराच्या गळ्यात बांधण्यासाठी पाडलेलं. दोऱ्याने भोकाची एक कड गुळगुळीत झाली आहे. मित्र म्हणाला, तांब्याची खुंटी मारून बुजवता येईल, वरून रेषा कोरल्या की भिंगाशिवाय दिसणार नाही. शेजारी १९४३ चा भोकाचा पैसा पडला होता, युद्धात धातू वाचवण्यासाठी टांकसाळीनेच भोक ठेवलेला. ते भोक कुणी बुजवायला सांगत नाही. गळ्यातल्या पैशाचं भोकही कुणा आईने नीट जागा बघून, राणीच्या नव्हे तर कंपनीच्या काळात, आपल्या लेकरासाठी पाडलं. ते बुजवून मी काय दुरुस्त करणार?

त्याचा एक प्रश्न मात्र चोख होता. "चित्रांचे उडालेले रंग भरतात, मूर्तीचे तुटलेले हात जोडतात. संग्रहालयवाले करतात ते संवर्धन, आणि आम्ही केलं की लबाडी?"

दोन तास यावर बोललो. माझं म्हणणं मला बोलता बोलताच सापडलं. संग्रहालयातल्या मूर्तीबरोबर तिची फाईल असते. काय भरलं, कशाने भरलं, परत काढता येईल का, हे कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि जवळून पाहिलं तर भरलेलं ओळखू येईल असंच भरतात. मूर्ती जागेवर असते, फाईलही जागेवर. नाणं मुळात हातोहात फिरायला जन्मलेलं. उद्या ते दुसऱ्याच्या खिशात जातं आणि कागद मागे राहतो. बोटभर तांब्यावर "हे मी कोरलं" असं लिहायला जागाच नाही. म्हणून नाण्याच्या बाबतीत हात आखडता हवा, आणि जे केलं त्याचा कागद नाण्याच्याच पाकिटात हवा, वहीत नव्हे.

मित्राला सगळं पटलं नाही. भोक बुजवण्याचा आग्रह त्याने सोडला. गंधकाचं पाणी मात्र तो स्वतःच्या नाण्यांना देत राहील, असं म्हणाला. निदान पाकिटावर लिही, म्हणालो. "लिहिलं तर किंमत निम्मी होते," तो म्हणाला. दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

१३ जुलै

सहापैकी चार नाण्यांचं पाणी आता स्वच्छ, सिल्व्हर नायट्रेट टाकून धूसरसुद्धा होत नाही. दोन अजून किंचित दुधाळ. मद्रासच्या नाण्याला गुरुवारी बेन्झोट्रायाझोल दिलं, चोवीस तास. आधी आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून पाहिले: रंग अर्ध्या छटेने गडद झाला. माझ्याकडून झालेला बदल. पाकिटावर लिहिला.

एक दुदांडी शिवराई हाताबाहेर गेली. भुकटीखालचा खड्डा 'राजा'च्या 'जा'मधून आरपार. तिला आता फक्त कोरडं ठेवणं आहे.

२७ जुलै

ताईला घेऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तिने नाण्यांसमोर उभं राहून स्वतःच विचारलं, "ही सगळी तपकिरी कशी?" मला काही बोलावंच लागलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये तिला क्रमांक ११ बद्दल सांगितलं. वहीच्या पानाचा फोटो दाखवला. घाटकोपर ते मुलुंड ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाबांनी खोटं केलं?" मी म्हटलं, नाही. खोटं करणारा तारीख घालत नाही. "मग लपवलं?" वहीत तर लिहिलंय, म्हटलं. पण आपण वही फेकली असती तर त्यांच्या नावावर आपणच लपवलं असतं.

१० ऑगस्ट

ताईच्या नव्या घरी, घोडबंदर रोडला, एक खरेदीदार येऊन गेला. शिवराया हव्यात, त्यातही क्रमांक ११. चांगला आकडा बोलला. ताईने मला फोनवर विचारलं, "पाकिटातला कागद काढून ठेवला तर चालेल का रे? नाणं तर खरंच आहे ना?"

प्रश्न तिने प्रामाणिकपणे विचारला, म्हणून उत्तरही सरळ दिलं. नाणं खरं आहे, तांबं खरं आहे, 'श्री राजा' खरं आहे. पण घेणारा पैसे 'शिव'चे देतोय, आणि ते १९८७ सालचं आहे, चरईतल्या खिडकीपाशी बसून केलेलं. कागद काढला तर आज त्या माणसाला फसवशील. तो विकेल तेव्हा कुणीतरी आणखी फसेल. आणि कधी एखादा अभ्यासक या 'शिव'ला नवा ठसा समजून पुस्तकात छापेल.

आणखी एक गोष्ट बोललो, कायद्याची. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याने शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरातन वस्तू ठरतं. देशाबाहेर नेता येत नाही आणि त्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. खरेदीदाराने परवाना दाखवला होता का, तर नाही. (यंदा १९२५ चा पाव आणाही या कायद्यात आला. काकांकडे तसे तीन आहेत, पिशवीत चिल्लर म्हणून टाकलेले.)

ताई म्हणाली, रात्री आईशी बोलते.

२४ ऑगस्ट

काम पूर्ण. गणपतीआधी द्यायचं होतं, दिलं.

१८७ पाकिटं, प्रत्येकात कागदाची चिठ्ठी: वजन, व्यास, मिळाली तेव्हाची अवस्था, मी काय केलं. १५४ चिठ्ठ्यांवर "काही नाही" असं लिहिलंय. २४ वर अॅसिटोन. नऊवर पाणी, त्यातल्या तिनांवर बेन्झोट्रायाझोल. झिलई काढलेला पाव आणा त्या चोविसांतलाच. सगळं हवाबंद डब्यात, आर्द्रता ३६. सिलिका जेलचे नारंगी दाणे हिरवे पडले की कढईत मंद तापवून परत नारंगी करायचे, हे काकूंना दाखवलं. "म्हणजे रवा भाजल्यासारखं," म्हणाल्या, आणि कढई वेगळी ठेवायला सांगितल्यावर मान डोलावली.

काचेच्या कपाटात काय ठेवायचं, यावर काकूंनीच तोडगा काढला. प्रत्येक नाण्याचे मोठे फोटो, आणि त्यांच्यामधे काकांचं भिंग.

क्रमांक ११ विकायची नाही असं मायलेकींनी ठरवलंय. तिची चिठ्ठी मी कोरी ठेवली होती. ताईने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून ती लिहिली, वहीतल्या ओळी जशाच्या तशा, "बाकी अक्षरांना हात नाही" सकट, तारीख ८ मार्च १९८७. मग थांबून खाली भर घातली: "हे माझ्या बाबांनी केलं." चिठ्ठी पाकिटात जाईना, दोनदा घडी घालावी लागली.

माझी गुलाबी शिवराईही चिठ्ठीसकट पाकिटात गेली. चिठ्ठीवर लिहिलं: लिंबू आणि मीठ, एक रात्र. खाली माझं नाव.